सायकलचे फायदे सांगणं थांबवा, रस्ता मागा

प्रश्न असा आहे: "आमच्या गावात दोन गल्ल्या पलीकडे जायचं असलं तरी लोक गाडी काढतात. मी रोज कामाला सायकलने जातो. ओळखीच्या सगळ्यांना सायकलचे फायदे सांगून थकलो. ऐकतात, मान डोलावतात आणि गाडीत बसतात. नगरपालिकेत गेलो तर 'इथे सायकल चालवतंय कोण?' म्हणून परत पाठवलं. यात काही बदल होऊ शकतो का? सुरुवात कुठून करू? आणि अर्ज कसा लिहू?"

होऊ शकतो. पण सगळ्यांत आधी फायदे सांगणं बंद करा. सायकलसाठी रस्ता मागण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि आरोग्य, इंधन, प्रदूषण यांवरची भाषणं ऐकून कोणी रोजची गाडी सोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. फायदे लोकांना पाठ आहेत. तुमचं म्हणणं त्यांना पटतही असतं. त्यांना भीती वाटते ती रस्त्याची, आणि ती रास्त आहे. दीड टनाची गाडी ताशी साठच्या वेगाने कोपराला घासून जाणार असेल, तर शहाणा माणूस सायकल घरीच ठेवणार.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची महापालिका आपल्या सायकलस्वारांना वर्षानुवर्षं विचारत आली आहे की तुम्ही सायकल का वापरता. उत्तरांत सगळ्यांत वर असतं 'लवकर पोचतो, सोयीचं पडतं'. पर्यावरण पार खाली. तिथली माणसं पृथ्वी वाचवायला पेडल मारत नसतील, तर तुमच्या शेजाऱ्याकडून ती अपेक्षा कशाला?

तेव्हा मागणी शेजाऱ्याकडे करायची नाही, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे करायची. तीही 'सायकलला प्रोत्साहन द्या' अशी नको. प्रोत्साहन मागितलं की प्रोत्साहनच मिळतं: एका रविवारची फेरी, टी-शर्ट, झेंडा दाखवायला पाहुणे, आणि सोमवारी रस्ता होता तसाच. मागायचा तो नाव घेऊन एक रस्ता, त्याचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा, आणि त्यात नेमका कोणता बदल हवा तो.

हा बदल कोणासाठी, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. २००६ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी शहरातल्या लोकांचे चार गट पाडले. कुठल्याही रहदारीत बिनधास्त घुसणारे शंभरात एखादा. थोडी सोय असली की चालवणारे सातेक टक्के. काहीही केलं तरी न चालवणारे साधारण एक तृतीयांश. उरलेले सुमारे ६० टक्के म्हणजे ज्यांना इच्छा आहे, पण धास्ती वाटते. मुळात हा अनुभवावरून बांधलेला अंदाज होता, पण पुढे झालेल्या पाहण्यांत चित्र बरंचसं तसंच निघालं. तुम्ही पहिल्या गटातले. राग मानू नका, पण या कामात तुमची हिंमत फारशी उपयोगाची नाही, उलट ती आडवी येते. साहेब म्हणतात, "हे जातातच की रोज, मग अडचण काय आहे?" त्यामुळे कार्यालयात एकटे जाऊ नका. मुलाला शाळेत सोडण्यासाठी नाइलाजाने गाडी काढणारी आई, गुडघ्यांमुळे लांब चालता येत नाही पण सायकल चालवता येईल असे आजोबा, गाडी परवडत नाही म्हणून अंधारात कडेकडेने पायी येणारा रात्रपाळीचा कामगार, अशी माणसं सोबत घ्या. त्यांनी स्वतःच्या तोंडाने दोन वाक्यं बोलली तरी पुरे.

आता 'चालवतंय कोण' याचं उत्तर. याला वाद घालून उत्तर देऊ नका, स्पेनमधलं सेव्हिया शहर दाखवा. तिथे २००६ च्या आधी सायकली जवळजवळ दिसत नव्हत्या. २००६ ते २०१० या काळात शहराने रहदारीपासून वेगळे काढलेले, एकमेकांना जोडलेले सुमारे १२० किलोमीटरचे सायकल मार्ग बांधले. त्यासाठी हजारो गाड्यांची पार्किंगची जागा घेतली. पाहता पाहता रोजच्या सायकल फेऱ्या काही हजारांवरून साठ-सत्तर हजारांवर गेल्या. माणसं तीच, ऊनही तेच. रस्ता बदलला.

'तिकडचे लोक मुळातच तसे' हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. ज्या नेदरलँड्सचं नाव घेऊन हे म्हणतात, तिथे १९५० ते १९७० च्या दरम्यान सायकलचा वापर झपाट्याने घसरत होता आणि चौकाचौकांत गाड्यांसाठी जागा केली जात होती. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यातून 'मुलांच्या हत्या थांबवा' असं थेट नाव घेऊन पालकांचं आंदोलन उभं राहिलं. त्याच सुमारास, १९७३ च्या शेवटी, तेलटंचाईमुळे सरकारने काही रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि रिकामा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आंदोलनाच्या नावात सायकल हा शब्द नव्हता, हे लक्षात घ्या. मुलं जिवंत राहावीत एवढीच मागणी होती. सायकल मार्ग हा त्या मागणीतून निघालेला उपाय.

गाड्यांच्याच देशातलं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातलं डेव्हिस घ्या. नेदरलँड्समध्ये काही काळ राहून परतलेल्या एका दांपत्याने तिथे सायकलसाठी वेगळी जागा मागायला सुरुवात केली. नगर परिषदेने दाद दिली नाही. मंडळींनी सह्या गोळा केल्या आणि १९६६ च्या निवडणुकीत हाच मुद्दा केला. त्यांच्या बाजूचे उमेदवार निवडून आले, आणि १९६७ मध्ये गावात सायकलच्या मार्गिका आखल्या गेल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्यापैकी. मला यातलं सह्या गोळा करणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण लोकप्रतिनिधी सायकलस्वार मोजत नाही, तो मतदार मोजतो.

पहिला तुकडा निवडताना लोक हमखास सोपा रस्ता निवडतात: नदीकाठचा, बागेतला, जिथे कोणाची हरकत नाही. तिथे हरकत नसते कारण तिथून कोणाला कुठे जायचं नसतं. तुमचा तुकडा दोन खऱ्या ठिकाणांना जोडणारा हवा, शाळा आणि वस्ती, स्थानक आणि बाजार. शाळा असेल तर उत्तम, कारण तिथली गाड्यांची सकाळची झुंबड सगळ्यांनाच नकोशी असते, गाडीवाल्यांनासुद्धा. आरामात चालवली तरी सायकल ताशी १५ किलोमीटर जाते, म्हणजे ५ किलोमीटर वीस मिनिटांत. शाळेभोवती दोन-तीन किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यात किती मुलं राहतात ते शाळेकडूनच मिळवा.

मग रस्त्यावर उतरून मोजमाप करा. दोन गोष्टी मोजायच्या, वेग आणि रुंदी. वेगासाठी यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटरवर दोन खुणा करा आणि घड्याळ घेऊन बसा. गाडीने ते अंतर ३ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ६०, आणि ६ सेकंद लागले तर ३०. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी शंभरेक गाड्यांची नोंद करा. 'गाड्या फार जोरात जातात' या तक्रारीला कोणी भीक घालत नाही. तारीख, वेळ आणि आकडे असलेला कागद मात्र फाइलला लागतो. या आकड्यांचा अर्थही सांगता यायला हवा. ५० ने जाणाऱ्या गाडीच्या धडकेत ३० च्या गाडीच्या जवळपास पावणेतीनपट ऊर्जा असते. आणि समोर मूल आलेलं दिसल्यावर चालकाला भानावर यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ३० ची गाडी जिथे थांबलेली असते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक नुकता लागायला सुरुवात होते. हे वाक्य मी सभेत सांगतो तेव्हा खोली गप्प होते, म्हणून ते तुम्हीही वापरा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मोठे रस्ते सोडून सगळीकडे ३० ची मर्यादा घातली, आणि स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांसाठी तीच मर्यादा देशभर लागू केली. आतल्या गल्ल्यांत वेग खरोखर ३० वर आला आणि गाड्याही कमी असल्या, तर वेगळ्या मार्गाची गरजच उरत नाही. नुसती पाटी लावून वेग उतरत नाही. रस्ता अरुंद करावा लागतो, चौक उंचावावे लागतात.

रुंदी टेपने मोजा. 'जागाच नाही' हे उत्तर ठरलेलं आहे, आणि बऱ्याचदा ते खरं नसतं. गावातल्या रस्त्यांच्या लेन अनेकदा महामार्गाच्या मापाने, ३.६ मीटरच्या आखलेल्या असतात. कमी वेगाच्या रस्त्यावर ३ मीटर पुरतात. चार लेनच्या रस्त्यावर लेन न काढता, नुसत्या पट्ट्या सरकवून, २.४ मीटर हाताला लागतात. हा हिशेब कागदावर आकृती काढून घेऊन जा. अभियंते तुमच्या भावनांना उत्तर देत नाहीत, पण आकृतीत चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आणि दुरुस्त करायला बसले की ते तुमच्या कामात आले.

पार्किंगवर मात्र तुमची खरी लढाई होईल. बाकीच्या हरकती त्यापुढे किरकोळ आहेत. दुकानदार म्हणतील, दारातली गाड्यांची जागा गेली की धंदा बसला. त्यांची थट्टा करू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. पण त्यांचा अंदाज तपासायला सांगा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांच्या मते ४१ टक्के गिऱ्हाइकं गाडीने येत होती. गिऱ्हाइकांनाच विचारल्यावर निघाले २२ टक्के. कारण साधं आहे: गाडीने येणारा गिऱ्हाईक पार्किंगबद्दल कुरकुर करतो, चालत येणारा काही बोलत नाही, सामान घेऊन जातो. अशी पाहणी तुम्ही स्वतः, दुकानदारांच्या संमतीने, एका शनिवारी करू शकता. त्यातल्या एका-दोघांना मोजणीला सोबत बसवा. निकाल तुम्ही जाहीर केला तर तो तुमचा प्रचार ठरतो, त्यांनी सांगितला तर बाजाराचं मत ठरतं. आणि दारात पार्क केलेल्या गाड्या कोणाच्या आहेत तेही हळूच पाहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत नसलेल्या गाड्या बऱ्याचदा दुकानातल्याच माणसांच्या असतात.

पार्किंग पूर्ण काढायलाच हवं असंही नाही. न्यूयॉर्कने २००७ मध्ये नवव्या ॲव्हेन्यूवर उभ्या गाड्यांची रांग फूटपाथपासून बाहेर सरकवली आणि सायकलला आतल्या बाजूने नेलं. मग त्याच गाड्या सायकलस्वाराची भिंत झाल्या. फक्त मध्ये मीटरभर मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर कोणीतरी दार उघडतं आणि सायकलस्वार त्यावर आदळतो.

गर्दी वाढेल या हरकतीला एकच आकडा बस होतो. अमेरिकेतल्या नगर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार गाड्यांच्या एका लेनमधून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या वेगळ्या सायकल मार्गातून ७,५०० पर्यंत जाऊ शकतात. रुग्णवाहिकेचं काय, असं विचारतील. तीन मीटर रुंदीचा सायकल मार्ग असेल तर कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका त्यातूनच पुढे काढता येते, कारण सायकली क्षणात बाजूला होतात.

आता जे मिळेल ते कसं असावं याबद्दल. नुसता रंगाचा पट्टा स्वीकारू नका. दोन दिवसांत त्यावर गाड्या उभ्या राहतील, सायकलस्वार रहदारीत ढकलला जाईल, आणि वर्षभराने 'तुम्हाला दिला होता, वापरला कोणी?' हेही तुमच्याच माथी मारलं जाईल. उंचवटा, खांब, कुंड्या, काहीतरी ठोस मध्ये हवं. एका दिशेच्या मार्गाला दोन मीटर रुंदी मागा, म्हणजे आई आणि मूल शेजारी शेजारी जाऊ शकतात. फूटपाथ कापून सायकल मार्ग करायचा प्रस्ताव आला तर सरळ नाकारा. पायी चालणारे तुमचे सगळ्यांत जवळचे सोबती आहेत, त्यांच्या ताटातलं घेऊन तुम्ही एकटे पडाल.

चौकाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. अपघात बहुतेक तिथे होतात, आणि नेमका तिथेच पट्टा गायब होतो. डच पद्धतीत सायकल मार्ग चौकाजवळ साधारण एका गाडीच्या लांबीइतका आत घेतात. त्यामुळे वळणारी गाडी आधी वळून सरळ होते आणि सायकलस्वार चालकाच्या काचेसमोर येतो, आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात राहत नाही. शिवाय कोपऱ्याची गोलाई कमी केली की गाडीला वेग उतरवूनच वळावं लागतं. यात खर्च फार नाही, फक्त कोणीतरी मागावं लागतं.

वेळेचं गणित मात्र बहुतेक उत्साही मंडळी विसरतात. रस्त्याचं डांबरीकरण होतं तेव्हा जुने पट्टे पुसलेच जातात आणि नवे आखावेच लागतात. तेव्हा नवी आखणी जवळजवळ फुकटात पडते. डांबर पडून पट्टे आखल्यावर गेलात तर पुढची कित्येक वर्षं वाट पाहा. म्हणून येत्या दोन-तीन वर्षांत कोणकोणत्या रस्त्यांचं काम आहे ती यादी मिळवा, तुमचा तुकडा त्यात बसतो का बघा, आणि निविदा निघण्याआधी पोचा. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजने २०१९ मध्ये हे कायद्यातच घातलं: शहराच्या सायकल आराखड्यातला रस्ता नव्याने बांधायला काढला की त्यावर वेगळा सायकल मार्ग करायचाच, त्यावर दरवेळी नवी चर्चा नाही.

एक इशारा. एकच रस्ता झाला तर त्याच्या आकड्यांवर सगळी परीक्षा होऊ देऊ नका. नेदरलँड्सने १९७० च्या दशकात हेग आणि टिलबर्ग इथे एकेक देखणा सायकल मार्ग बांधला. लोक त्या मार्गावर आले, पण शहरात एकूण सायकली फारशा वाढल्या नाहीत. १९८० च्या दशकात डेल्फ्टमध्ये आख्खं जाळं जोडलं तेव्हा फरक पडला. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्या जाळ्याचा नकाशा पुढे ठेवा आणि आपला तुकडा त्यातला पहिला म्हणून दाखवा. विरोध फारच चिवट असेल तर सहा महिन्यांचा प्रयोग मागा: कुंड्या, तात्पुरते खांब, आधीची आणि नंतरची मोजणी. तात्पुरत्या गोष्टीला होकार देणं लोकप्रतिनिधीला सोपं जातं. याउलट, एखाद्या धाडसी माणसाच्या हाती सत्ता असेल तर रेंगाळू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ च्या सप्टेंबरात एका रात्रीत शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. गाडीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येईना, बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावं लागे; सायकल मात्र सरळ जाई. व्यापाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. आज त्या शहरात निम्म्याहून जास्त फेऱ्या सायकलने होतात.

हेल्मेटसक्तीच्या वादात पडू नका. कोणीतरी तुम्हाला त्यात ओढेल, आणि सभेचा तास त्यातच जाईल. हेल्मेट हवं त्याने घालावं. आपण बोलतोय ते गाडी आदळूच नये म्हणून.

आणि गाडीवाल्यांना शत्रू करू नका. त्यांच्यातले साठ टक्के तुमचे आहेत, त्यांना अजून ते माहीत नाही.

अर्ज कसा लिहायचा, असं तुम्ही शेवटी विचारलंय. एका पानाच्या आत बसवा, साधारण असा:

"अमुक वस्ती ते तमुक शाळा हा १.४ किलोमीटरचा रस्ता या वर्षीच्या डांबरीकरणाच्या यादीत आहे. शाळेतली इतकी मुलं तीन किलोमीटरच्या आत राहतात. आम्ही मोजलेल्या गाड्यांपैकी इतक्या मर्यादेपेक्षा जास्त वेगात होत्या, नोंदी जोडल्या आहेत. लेन ३ मीटरच्या केल्यास दोन्ही बाजूंना मिळून २.४ मीटर जागा निघते, आकृती जोडली आहे. कडेच्या पार्किंगच्या पट्टीतले इतके मीटर त्यात मिळवून, नवे पट्टे आखताना खांबांनी वेगळा केलेला सायकल मार्ग करावा. शाळेजवळच्या चौकाची गोलाई कमी करावी. यावर निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी कळवावं."

खाली पालकांच्या, रहिवाशांच्या आणि जमल्यास दोन दुकानदारांच्या सह्या. एक प्रत अभियंत्याला, एक लोकप्रतिनिधीला, एक शाळेला. तिन्ही ठिकाणी पोच घ्या, आणि दिलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कार्यालयात जा.